रक्त थांबत नाही, त्यात सुनेचा काय दोष?

दात काढला की दोन-दोन दिवस रक्त झिरपते. पाळी दहा दिवस चालते. बाळंतपणानंतर अंगावरून जाणे आवरत नाही. मग घरात 'उष्णता', 'नजर', 'बाहेरचं' असे बोल सुरू होतात आणि ठपका सुनेवर येतो. आम्ही परिचारिका सांगतो, कारण रक्त तपासून शोधा.

सोलापूरकरांना हे समजायला सोपे आहे. मागावर चादर विणून झाली, पण गाडीच आली नाही तर माल कारखान्यात पडून राहतो. पेशीतही तसेच घडते. रक्त गोठवणारी फॅक्टर ५ आणि फॅक्टर ८ ही प्रथिने पेशीत तयार होतात. त्यांना पुढे पोहोचवणारा वाहक एलमॅन-१ या जनुकामुळे बनतो. जनुक बिघडले की दोन्ही प्रथिने आत अडकतात आणि रक्तात कमी पडतात.

हा दुर्मिळ आजार १९५४ मध्ये प्रथम नोंदला गेला. एलमॅन-१चा संबंध १९९८ मध्ये कळला. वाहकाला मदत करणारे एमसीएफडी-२ हे दुसरे जनुक २००३ मध्ये सापडले. भारतीय कुटुंबांतही दोन्ही जनुकांतले दोष आढळले आहेत.

नेहमीचा हिमोफिलिया बहुतेक मुलग्यांना होतो. हा आजार मुलगा-मुलगी दोघांनाही सारखाच होतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच तो होतो. अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला २५ टक्के धोका असतो. म्हणून एकट्या आईला दोष देणे चूक आहे. मामे-आते भावंडांचे सरासरी आठवा हिस्सा जनुक सारखे असतात, त्यामुळे नात्यातल्या लग्नात हा धोका वाढतो. सोयरीक जुळवताना याचा विचार करा.

फक्त फॅक्टर ८ तपासला तर हिमोफिलियाचा शिक्का बसू शकतो. मग एकट्या फॅक्टर ८च्या इंजेक्शनने भागत नाही. फॅक्टर ५ साठी प्लाझ्मा लागतो. म्हणून सिव्हिलमध्ये डॉक्टरांना पीटी आणि एपीटीटी या दोन्ही तपासण्यांबद्दल विचारा. दोन्हींत वेळ जास्त आली तर फॅक्टर ५ आणि ८ दोन्ही मोजायला सांगा. पुढच्या तपासासाठी मुंबईत केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे.

निदान झाले की कागद जपून ठेवा. दात काढण्याआधी, ऑपरेशनआधी, बाळंतपणाआधी तो दाखवा. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका.