गल्लीतील संघटना आणि एचआयव्हीचा प्रतिबंध

भिलाई येथे पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली आणि कारखान्याभोवती वसाहती, शाळा व रुग्णालय उभे राहिले. परंतु त्याच शहरातून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो. त्या रस्त्यावर मालमोटारींचे चालक व क्लीनर रात्र काढतात. ठेकेदाराकडे रोजीवर काम करणारा मजूर कुटुंब गावी ठेवून येतो. एचआयव्हीचा प्रतिबंध करावयाचा तो अशा लोकांमध्ये, आणि तेथे रुग्णालयातील खाटांचा उपयोग थोडा. ज्याला अद्याप कोणताही आजार झालेला नाही, त्याच्यापर्यंत त्याच्या विश्वासातील माणसाने, त्याच्या सवडीच्या वेळी पोहोचावे लागते. अशी माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न भारतातील सर्वच शहरांपुढे होता. त्याचे एक विचार करण्याजोगे उत्तर महाराष्ट्रात सांगली येथे मिळाले.

भारतात या विषाणूची लागण प्रथम १९८६ मध्ये आढळली. १९९२ मध्ये केंद्र सरकारने जागतिक बँकेच्या साहाय्याने राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी सांगलीत मीना सेषू यांच्या पुढाकाराने ‘संपदा ग्रामीण महिला संस्था’, म्हणजेच ‘संग्राम’, वेश्यावस्तीत काम करू लागली. या भागातील अनेक स्त्रिया कर्नाटकाच्या सीमेवरील देवदासी परंपरेतून आलेल्या होत्या. बाहेरून येणारा मनुष्य एक तर आपली मोजणी करावयास येतो, नाही तर आपला उद्धार करावयास, असा अशा वस्त्यांचा अनुभव असतो. म्हणून निरोध वाटण्याचे काम पगारी परिचारिकांकडे न देता त्याच स्त्रियांकडे देण्यात आले. पुढे १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना निघाली. तिचे नाव ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’.

या फरकाचे महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. दारू प्यालेले गिऱ्हाईक निरोध वापरण्यास नकार देते व वर जादा पैसे देऊ करते. एकटी स्त्री नाही म्हणाली, तर ते शेजारच्या घरी जाते. तिची कमाई बुडते आणि धोका मात्र टळत नाही. संपूर्ण गल्लीने एकच नियम पाळला तरच त्या नकाराला अर्थ येतो. असा नियम कोणत्याही भित्तिपत्रकाने लागू होत नाही; त्याला संघटना लागते. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. अनेकींचा एक कायमचा जोडीदार असतो, त्याला त्या ‘मालक’ म्हणतात. गिऱ्हाइकाजवळ निरोधाचा आग्रह धरणारी स्त्री मालकाजवळ तो धरू शकत नाही, कारण तेथे तो अविश्वासाचा पुरावा ठरतो. ही गोष्ट ज्या बाईने स्वतः अनुभवली आहे, तिलाच त्याविषयी दुसरीशी बोलता येते.

अर्थात विश्वास एवढेच भांडवल पुरत नाही. निरोधांचा साठा आठवडाभर संपला तरी महिनोन्महिने जोडलेली सवय मोडते. कोणाला किती दिले, कोण तपासणीस गेली, कोण गाव सोडून गेली, याची नोंद ठेवावी लागते; ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते करावे लागतात. २००७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे साठ जणींमागे त्यांच्यातीलच एक कार्यकर्ती असे प्रमाण ठरविण्यात आले. अनुदानाच्या कागदपत्रांत ‘क्षमताविकास’ या शब्दाचा अर्थ बहुधा प्रशिक्षणवर्ग असाच होतो. परंतु हिशेब कोण तपासते आणि निर्णय कोण घेते, हे प्रश्न त्या वर्गांत क्वचितच निघतात.

सांगलीत मात्र तो प्रश्न टाळता आला नाही. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने एड्सनिवारणासाठी मदत घेणाऱ्या संस्थांवर वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे जाहीर करण्याची अट घातली. ज्या स्त्रियांच्या बळावर काम उभे होते, त्यांच्याच विरुद्ध सही करावयाची असा याचा अर्थ होता. ‘संग्राम’ने ती सही केली नाही व अमेरिकी मदत सोडली. पैसा हातचा गेला, पण गल्लीतील स्त्रियांचा विश्वास राखला गेला. ज्या संस्थेकडे केवळ नोकरवर्ग असतो, तिला असा निर्णय घेणे फार अवघड जाते.

ही पद्धत महामार्गावर जशीच्या तशी उचलता येत नाही. मालमोटारीचा चालक आज भिलाईत असतो, तर उद्या नागपूरला; त्याची गल्ली नाही, त्यामुळे गल्लीचा नियमही नाही. त्याच्या बाबतीत एका जागी टिकून राहणारी माणसे शोधावी लागतात: ढाबेवाला, पंक्चर काढणारा, माल चढविण्याच्या अड्ड्यावरील मुकादम. निरोधांचा साठा आणि तपासणी केंद्राचा पत्ता त्यांच्यापाशी असावा लागतो, आणि तोही रात्री, जेव्हा गाड्या थांबतात.