पाच दारं, एक ओटी

व्याडेश्वर आणि दुर्गादेवी ही कितीतरी कोकणस्थ घराण्यांची कुलदैवतं. त्यामुळे पुण्या-मुंबईची मंडळी गुहागरला दर्शनाला येतात, समुद्रावर फिरतात आणि घरगुती जेवण कुठे मिळेल याची चौकशी करतात. वाडीतल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, जोडीला आगळ, आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे विकायचे, हा उद्योग इथे अनेक घरांत बाईच्याच जिवावर चालतो.

पूर्वी फोन घणघणायचा आणि शेजारच्या वहीत नाव लिहिलं की झालं. आता एक जण व्हॉट्सअ‍ॅपवर विचारते, ‘मेच्या पहिल्या आठवड्यात खोली मिळेल का?’ दुसरी इन्स्टाग्रामवर मोदकांच्या फोटोखाली तेच विचारते, कुणी काका फेसबुकच्या मेसेंजरवर, तर कुणी शिस्तीत ई-मेल पाठवतं. खोल्या मात्र दोनच! एकीकडे ‘हो’ म्हटलं आणि दुसरीकडचं बघायचं राहिलं, की एकाच खोलीला दोन कुटुंबं दारात उभी. चिपळूणला गाडीतून उतरून, पुढे चाळीसेक किलोमीटर पोराबाळांसह आलेल्या माणसांना परत कसं पाठवायचं, सांगा बरं?

म्हणूनच, मैत्रिणींनो, घरात कॉम्प्युटर असेल तर ब्राऊझर जरा निवडून घ्यावा. ब्राऊझर म्हणजे इंटरनेट उघडायची खिडकी. तिच्या कडेलाच उभी पट्टी असते आणि त्यात व्हॉट्सअ‍ॅप, मेसेंजर, इन्स्टाग्राम ओळीने बसवता येतात, अशा खिडक्या मिळतात, त्याही फुकट.

कल्पना तशी जुनीच. २००५ साली अमेरिकेत ‘फ्लॉक’ नावाचा ब्राऊझर याच कामासाठी निघाला, तो २०११ मध्ये बंद झाला. २०१० मध्ये ‘रॉकमेल्ट’ आला. २०१३ मध्ये याहूने ती कंपनी विकत घेतली आणि ब्राऊझर गुंडाळला. आपल्या बंगळुरूच्या ‘एपिक’नेही २०१० मध्ये कडेच्या पट्टीत फेसबुक, ट्विटर आणि भारतीय भाषांत टाइप करायची सोय दिली होती. २०१३ मध्ये त्याने ते रूप सोडलं आणि खासगीपणा जपणारा ब्राऊझर म्हणून नवा अवतार घेतला.

फ्लॉकसारखे ब्राऊझर प्रत्येक साइटकडून माहिती मागवून ती आपल्या पद्धतीने मांडत. समोरच्याने नियम बदलले की यांची पंचाईत! हल्लीचे ब्राऊझर हा खटाटोप करत नाहीत, ते मूळ साइटच अरुंद पट्टीत उघडतात.

आज यासाठी दोन नावं सांगेन. ऑपेरामध्ये २०१७ पासून व्हॉट्सअ‍ॅप, मेसेंजर, टेलिग्राम आणि २०२० पासून इन्स्टाग्राम पट्टीत तयारच मिळतं. फार काही करावं लागत नाही. विवाल्डी २०१६ चा, ऑपेराच्याच एका संस्थापकाने काढलेला. त्यात हवी ती साइट, अगदी आपलं कॅलेंडरसुद्धा, पट्टीत टाकता येते, पण पहिल्यांदा थोडी खटपट पडते. ऑपेरा मूळचा नॉर्वेचा असला तरी २०१६ पासून त्याची सूत्रं चिनी मालकांकडे गेली. ज्यांना हे खटकेल त्यांनी विवाल्डी घ्यावा. मीही तोच सुचवेन, पण कॅलेंडरसाठी! चौकशी आणि तारखा शेजारी-शेजारी दिसल्या की दोन कुटुंबं एकाच खोलीवर येण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

मात्र पाचही दारं एका ओटीवर आणली, की त्या ओटीवर कोण बसतं हे बघायला हवं. घरातला कॉम्प्युटर बहुतेक सगळ्यांचाच असतो. दुपारी चिरंजीव गेम खेळणार, संध्याकाळी पुतण्या प्रोजेक्ट छापणार. खिडकी उघडी, म्हणजे तुमचे ग्राहकांशी, माहेरच्यांशी, मैत्रिणींशी झालेले सगळे निरोप उघडे. ब्राऊझरमध्ये वेगळी ‘प्रोफाइल’ करतात, पण तिला बहुधा कुलूप नसतं. त्यापेक्षा विंडोजमध्येच आपल्या नावाचं वेगळं खातं काढावं आणि त्याला पासवर्ड घालावा. उठताना विंडोजची कळ आणि एल एकदम दाबलं की पडदा बंद. व्हॉट्सअ‍ॅप कुठे-कुठे जोडलंय हे फोनवरच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये दिसतं. नको ते तिथूनच तोडता येतं.

आणि हे सगळं करण्याआधी एक चौकशी घरातच करा. तुमच्या उद्योगाचं फेसबुक पान, इन्स्टाग्रामचं खातं कुणाच्या ई-मेलवर, कुणाच्या नंबरवर आहे? ‘भाच्याने काढून दिलं हो,’ असं उत्तर फार ऐकू येतं. भाचा गुणी असेलच, पण उद्या तो मुंबईला नोकरीला लागला, नंबर बदलला, की पासवर्ड परत मिळवायचा निरोप त्याच्याच जुन्या नंबरवर जाणार! राबायचं तुम्ही आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे कशाला? खात्याच्या सेटिंगमध्ये आपला नंबर, आपला ई-मेल घाला, पासवर्ड स्वतः बदला, दुहेरी पडताळणी चालू करा. भाच्याला शेजारी बसवून केलंत तरी चालेल. अर्ध्या तासाचं काम आहे, मेमधली गर्दी सुरू व्हायच्या आत उरकावं.

कॉम्प्युटर जुना, विंडोज ७ वाला असेल, तर या दोन्ही ब्राऊझरच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. पट्टीत साइटही मोजक्याच ठेवाव्यात, प्रत्येक साइट मेमरी खाते. आणि फोनशेजारची वही? ती राहू दे तिथेच. पावसाळ्यात वीज गेली की तीच उघडावी लागते.