हळदीचा वास आणि गुडघ्याची कळ

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर वसमतच्या शिवारात हळद पिकते. तिला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. काढणी झाली, हळद शिजायला लागली, की उग्र गोडसर वास दूरवर जातो. हा वास म्हणजे हळदीचं सुगंधी तेल, वाफेवर स्वार होऊन निघालेलं!

हळदीला पिवळेपण देणारं कर्क्युमिन वाफेबरोबर उडत नाही. उडतात ती टर्मेरोनसारखी रसायनं. एकटी तापवली तर ती पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापमानाला उकळतील. पण पाण्याच्या सोबतीनं तापली की दोघांचा बाष्पदाब एकत्र येतो आणि शंभर अंशांच्या आतच ती बाहेर पडतात. वाफेनं तेल काढण्याच्या ऊर्ध्वपातनाची सारी किमया एवढ्यावर उभी आहे.

हे तेल दुखऱ्या गुडघ्यावर चोळलं तर कळ थांबेल? केरळमधल्या थ्रिसूरच्या अमला कॅन्सर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या तेलानं उंदरांची सूज आणि वेदना कमी झाल्या. पण उंदरावरून माणसाच्या गुडघ्यापर्यंत थेट उडी मारता येत नाही, आणि माणसांवरच्या चाचणीत तर खरी गंमत आहे. तुलनेसाठी निम्म्या लोकांना साधं तेल द्यावं, तर नाक लगेच ओळखतं! औषध मिळालं या भरवशानंही वेदना उतरते, तीही खरोखर. १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरच्या प्रयोगातून दिसलं की या भरवशामागे मेंदूनं स्वतः तयार केलेली अफूसारखी द्रव्यं असावीत. शिवाय नुसतं चोळणंही काम करतं. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात, हा मेलझॅक आणि वॉल यांचा १९६५ चा सिद्धान्त.

म्हणून मला वाटतं, चांगल्या चाचणीत तुलनेच्या तेलालाही तसाच वास हवा, चोळणारे हात तेच हवेत आणि कोणती बाटली कोणाला दिली, हे मोजणाऱ्यालाही ठाऊक नसावं. पुदिन्याचं मेंथॉल चोळल्यावर गार का वाटतं, हे कोडं मात्र पेशींपाशी सुटलं. थंडी ओळखणारं आपलं प्रथिनच ते जागं करतं, हे २००२ साली उलगडलं. ते शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आणि काढणीआधी कापून टाकतात तो हळदीचा पाला? त्यातही तेल असतं, पण घडण निराळी. बऱ्याच वाणांच्या पानांत टर्मेरोनऐवजी फेलांड्रीन जास्त. गड्ड्याच्या तेलाचा निकाल पानांच्या तेलाला लावता येणार नाही. त्याची परीक्षा वेगळीच घ्यावी लागेल.