पशुवैद्याचे मन

२०२२ साली लम्पी चर्मरोगाने महाराष्ट्रात हजारो गायी-बैल दगावले. रोगावर थेट औषध नव्हते. एका गोठ्यातला आक्रोश ऐकून पशुवैद्याला लगेच दुसऱ्या गोठ्यात जावे लागे. असे दुःख मनात साठते, झोप उडते, चिडचिड वाढते.

बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथात शोकाला करुणेचा जवळचा शत्रू म्हटले आहे. तो करुणेसारखाच दिसतो, पण माणसाला खचवतो. तोल राखते ती उपेक्खा. मराठीतली उपेक्षा नव्हे, समचित्तता! नाशिक जिल्ह्यात इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यना शिकवली जाते. मात्र ध्यान हा डॉक्टरी उपचाराला पर्याय नाही. विद्यार्थी मित्रांनो, मन फारच खचले तर शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येते.