दुभाष्याचं घर तिथेच असतं

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं अशांसाठी हा आजच्या एपिसोडचा लेखी अवतार. प्रश्न असा: परकं सैन्य निघून जातं, तेव्हा त्याला मदत करणाऱ्या स्थानिक माणसांचं काय होतं?

अफगाणिस्तानात अमेरिकी किंवा ब्रिटिश तुकडी गावात शिरली की सोबत पश्तो किंवा दरी बोलणारा दुभाषी असायचा. शब्द सैनिकाचे, पण गावाच्या लक्षात राहायचा चेहरा त्याचा. ड्युटी संपली की सैनिक घरी जायचा. दुभाष्याचं घर तिथेच. 15 ऑगस्ट 2021 ला तालिबान काबूलमध्ये शिरलं, 30 ऑगस्टला शेवटचं अमेरिकी लष्करी विमान उडालं, आणि हजारो मदतनीस मागे राहिले.

मग कायदा नव्हता का? होता ना! अमेरिकेने 2009 मध्येच अशा अफगाणांसाठी खास व्हिसा आणला होता. पुढे अर्ज नऊ महिन्यांत निकाली काढायचं बंधनही घातलं. तरी अर्ज वर्षानुवर्षं रखडले. अर्जासोबत नोकरीचा दाखला आणि साहेबाचं शिफारसपत्र लागायचं. पण अनेक जण कंत्राटी कंपन्यांमार्फत लागलेले. कंपनीच बंद पडली तर दाखला मागायचा कुणाकडे? वर जो कागद व्हिसा मिळवून देईल, तोच तालिबानच्या नाक्यावर जीव घेईल. जपायचा की जाळायचा?

आता ब्रिटन. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हा भाग मला जास्त टोचतो. फेब्रुवारी 2022 मध्ये संरक्षण खात्याशी संबंधित एका माणसाने एक स्प्रेडशीट ईमेलने पाठवली. त्याच्या समजुतीपेक्षा तिच्यात कितीतरी जास्त माहिती होती: आसरा मागणाऱ्या सुमारे 19,000 अफगाणांची. खात्याला हे कळलं ऑगस्ट 2023 मध्ये. लगेच कोर्टाकडून बातमीवरच बंदी आणली गेली, ती उठली जुलै 2025 मध्ये. नुसतं यादीत नाव असल्याने धोका फारसा वाढत नाही, असं नंतरच्या सरकारी आढाव्यात म्हटलं गेलं. पण तोवर ज्यांची नावं यादीत होती, त्यांनाच त्याचा पत्ता नव्हता!

हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. अल्जीरियात फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या स्थानिक मुसलमानांना 'हरकी' म्हणतात. 1962 मध्ये फ्रान्स निघाला, तेव्हा बहुतेकांना तिथेच सोडलं. हजारो मारले गेले. जे फ्रान्सला पोचले, त्यातल्या कित्येकांना रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत कोंबलं. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी माफी मागितली ती 2021 मध्ये. एकोणसाठ वर्षांनी!

कुणी म्हणेल, "पगार घेतला ना? मग हिशोब संपला." पण पगार कामाचा होता. त्या कामामुळे मागे लागलेला धोका सैन्य गेल्यावर वाढतो, आणि तो ज्याने निर्माण केला त्याचीच ती जबाबदारी. "चुकीचा माणूस आत आला तर?" ही शंका रास्त आहे. तपासणी हवीच. पण ती करायला वीस वर्षं हातात होती. ज्याला रोज शस्त्रधारी सैनिकांच्या शेजारी उभं केलं, त्याची तपासणी तेव्हाच झाली असणार की!

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. माणूस कामावर घेतला त्याच दिवशी त्याची नोंद सरकारने स्वतःकडे, सुरक्षित ठेवावी. पुरावा शोधायचं ओझं त्याच्यावर टाकू नये. आणि माघारीची तारीख जाहीर करण्याआधी त्याच्या कुटुंबाची जागा विमानात पक्की करावी. पुढच्या युद्धात दुभाषी लागणारच आहे. मागच्याचं काय झालं, हे विचारूनच तो हो किंवा नाही म्हणेल.