जहाजावरील यजमानपद

कुपवाडपासून समुद्र फार दूर आहे. सांगली, मिरज आणि कुपवाड यांची १९९८ सालीं एक महानगरपालिका झाली. तेथील औद्योगिक वसाहतींत यंत्रांची घरघर ऐकूं येते, लाटांचा नाद मात्र येत नाहीं. म्हणून तेथील एखाद्या मुलानें अथवा मुलीनें प्रवासी जहाजावर नोकरी करण्याचा विचार बोलून दाखविला, कीं घरांतील वडील माणसें प्रथम चकित होतात आणि मग काळजींत पडतात. पहिल्या भावनेला फारसा आधार नाहीं, दुसरीला आहे. ती काळजी नेमकी कशाची करावी हें समजलें, म्हणजे या व्यवसायाचें खरें स्वरूपहि ध्यानांत येतें.

घाटमाथ्यावरील माणसाचा समुद्राशीं संबंध काय, ही शंका इतिहासानें पूर्वींच फोल ठरविली आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरास झाला. तें गांवहि समुद्रापासून दूरच. तरी त्यांनीं सहकाऱ्यांसह सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजीं तिची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनच्या सफरीस निघाली. तो दिवस भारतांत राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास नांव आहे तें याच वालचंदांचें.

जहाजावरील पाहुणचाराचें काम मात्र त्याच्याहि आधीं गोमंतकीयांनीं हातीं घेतलें होतें. इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर आचारी आणि वाढपी म्हणून गोव्याचीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या राबलीं. मुंबईंत त्यांचे गांवोगांवचे ‘कूड’ असत. त्यांपैकीं कांहीं अजूनहि आहेत. जहाज मिळेपर्यंत माणूस तेथें थोडक्या खर्चांत राही, आणि कोणती कंपनी कशी, कोणाच्या शब्दावर विसंबावें, हें त्याला आधीं जाऊन आलेल्या गांवकऱ्यांकडून कळे. कुपवाडच्या मुलाच्या पाठीशीं असा कूड नाहीं. त्याला वाट विचारावी लागते ती बहुधा अनोळखी दलालाला. घरच्या काळजीला आधार आहे तो येथें.

दलाल सांगतो, अमुक लाख भरा, जहाज नक्की. मग घरांतील सोनें गहाण पडतें, किंवा द्राक्षबागेवर कर्ज निघतें. कायदा याविरुद्ध अगदीं स्पष्ट आहे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचा २००६ चा सागरी श्रम-करार २०१३ सालीं अंमलांत आला आणि भारतानें तो २०१५ सालीं मान्य केला. त्याअन्वयें नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून एक पैहि घेतां येत नाहीं. पासपोर्ट, नाविक-पुस्तिका आणि सक्तीचा वैद्यकीय दाखला यांचा खर्च त्यानें सोसावा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. जहाजावरील आचारी, वाढपी आणि खोल्या आवरणारा हे सर्व या कराराच्या दृष्टीनें खलाशीच होत, त्यामुळें हें संरक्षण त्यांनाहि आहे. शिवाय भारतांत अशी भरती करणाऱ्या संस्थेस नौवहन महानिदेशालयाचा परवाना लागतो, आणि परवानाधारकांची यादी महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येते. ती पाहण्यास पांच मिनिटें लागतात. न पाहिल्यास कित्येक वर्षें कर्ज फेडीत बसावें लागतें.

शिक्षणाचें शुल्क ही निराळी गोष्ट आहे; तें द्यावेंच लागतें. मुंबईस दादर येथें असलेली हॉटेल-व्यवस्थापनाची सरकारी संस्था १९५४ सालीं लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानें निघाली. अशा संस्थेंतील शिक्षणानंतर किनाऱ्यावरील चांगल्या हॉटेलांत एक-दोन वर्षें काम केलेलें असलें, तर जहाजावरील मुलाखतींत त्याचें वजन पडतें. त्याखेरीज समुद्रावर पाऊल ठेवण्यापूर्वीं आणखी एक शिक्षण घ्यावें लागतें. खलाशांच्या प्रशिक्षणाविषयींच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसरून, पाण्यांत जीव कसा राखावा, आग कशी विझवावी आणि प्रथमोपचार कसे करावे, याचे छोटे अभ्यासक्रम पुरे करावे लागतात. पोळ्या लाटणाऱ्यास आग विझविण्याचें शिक्षण कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढें येईलच.

मोठें प्रवासी जहाज म्हणजे तरंगतें गांव असतें. त्यावर नौकानयन, यंत्र आणि हॉटेल असे तीन मुख्य विभाग असतात, व त्यांत मनुष्यबळानें हॉटेल-विभाग सर्वांत मोठा. त्याचा प्रमुख हॉटेल डायरेक्टर. त्याच्या खांद्यावर बहुधा चार सोनेरी पट्टे असतात, आणि तो थेट कप्तानाला जबाबदार असतो. खानपान, मुदपाकखाना, खोल्यांची निगा आणि स्वागतकक्ष यांचे प्रमुख त्याच्या हाताखालीं काम करतात. मुदपाकखान्यांत नवशिका ‘कॉमी’ म्हणून शिरतो. पुढें एका शाखेचा शेफ, मग सू-शेफ आणि शेवटीं एक्झिक्युटिव्ह शेफ होतो. भोजनगृहांत असिस्टंट वेटरचा वेटर, वेटरचा हेड वेटर आणि त्यापुढें सर्व भोजनगृहाचा मुख्य, अशी चढण आहे. नोकरीचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा. मग घरीं सुटी, मग पुन्हां नवा करार. एकेका पायरीवर असे कित्येक करार जातात. तळापासून चार पट्ट्यांपर्यंत पोहोंचण्यास दहा-पंधरा वर्षें लागलीं तर त्यांत नवल नाहीं.

ही चढण माणूस कशाच्या बळावर चढतो? गोड बोलणें आणि नीटनेटका गणवेश हे गुण लागतातच. परंतु ते सर्वांजवळच असतात. वरिष्ठ पाहतात ती शिस्त, आणि तीहि कोणी पाहात नसतांनाची. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या प्रवासी जहाजांची तेथील आरोग्यखात्याकडून अकस्मात् तपासणी होते. १०० पैकीं ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर जहाज नापास होतें. त्यांच्या नियमाप्रमाणें गरम पदार्थ निदान ५७ अंश सेल्सिअसवर आणि थंड पदार्थ ५ अंशांवर किंवा त्याखालीं ठेवावा लागतो. शिजविलेला रस्सा थंड करून ठेवावयाचा असेल, तर तो दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढील चार तासांत ५ अंशांवर आला पाहिजे, व प्रत्येक टप्प्याची नोंद झाली पाहिजे. रात्रीं दमलेला आचारी न मोजतांच आंकडा लिहूं शकतो. तो तसें करीत नाहीं, आणि हाताखालच्यासहि करूं देत नाहीं, तेव्हां त्याच्या नेतृत्वास प्रारंभ होतो. हजारों माणसें एकाच मुदपाकखान्यांतील अन्न खातात. तेथें एका खोट्या आंकड्याची किंमत सबंध जहाजाला मोजावी लागते.

याहून मोठी कसोटी संकटाची. जहाजावरील प्रत्येक नोकराला आणीबाणीचें एक ठराविक काम नेमून दिलेलें असतें. सात आंखूड आणि एक लांब असा भोंगा वाजला, कीं वाढपी वाढपी राहात नाहीं. तो जिन्याच्या तोंडाशीं उभा राहून माणसांना वाट दाखवितो, खोल्या तपासतो, लहान मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटें चढवितो. १९९१ सालच्या ऑगस्टमध्यें दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ ‘ओशनॉस’ हें प्रवासी जहाज बुडालें. कप्तान प्रवाशांच्या आधींच जहाज सोडून गेला, आणि उरलेल्यांच्या सुटकेचें काम जहाजावरील गायक-वादकांनीं पुढाकार घेऊन चालविलें. जहाजावरील सर्व ५७१ माणसें वांचलीं. उलट १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या किनाऱ्यास ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलें, आणि जहाज सोडण्याचा हुकूम उशिरा सुटल्यामुळें गोंधळ वाढून ३२ जणांचा अंत झाला. त्यानंतर नियम बदलला. पूर्वीं प्रवाशांची कवाईत जहाजावर आल्यापासून चोवीस तासांत घेतली तरी चाले. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज निघण्यापूर्वीं किंवा निघतांक्षणींच घ्यावी लागते. ही कवाईत कंटाळलेल्या प्रवाशांकडून हंसतमुखानें, पण काटेकोरपणें करवून घेणें, हें हॉटेल-विभागाचेंच काम आहे. खरा यजमान पाहुण्याला खुष करतो, आणि वेळ पडल्यास हुकूमहि करतो.

वरच्या पायरीवर गेलेल्या माणसाचें आणखी एक कर्तव्य आहे. हाताखालच्या माणसास चोवीस तासांत निदान दहा तास आणि आठवड्यांत निदान सत्त्याहत्तर तास विश्रांति मिळावी, हा दंडक वर सांगितलेल्या २००६ च्या कराराचाच आहे. कागदावर विश्रांति दाखवून प्रत्यक्षांत माणूस राबविणें सोपें असतें. जो मुख्य हें होऊं देत नाहीं, त्याच्यासाठीं माणसें संकटांत उभीं राहतात.

या नोकरीची झीजहि विसरूं नये. गणपतींत आणि दिवाळींत घर लांब असतें. लहान भावंडाच्या लग्नाला जातां येत नाहीं. आईवडिलांचें दुखणें फोनवर ऐकावें लागतें. फेब्रुवारी २०२० मध्यें जपानच्या योकोहामा बंदरांत ‘डायमंड प्रिन्सेस’ हें जहाज कोरोनाच्या सांथीमुळें अडकलें, तेव्हां प्रवासी खोल्यांत बंद होते आणि जहाजावरील नोकरवर्गांत शंभराहून अधिक भारतीय होते. त्या दिवसांत कित्येक भारतीय घरांचे डोळे त्या जहाजाकडे लागले होते.

तेव्हां कुपवाडच्या घरांत हा विषय निघेल, त्या दिवशीं समुद्र किती दूर आहे याचा विचार करीत बसूं नये. भरती करणारी संस्था परवान्याच्या यादींत आहे काय, ती नोकरीबद्दल पैसे मागते काय, आणि करारांत पगार, कामाचे तास व परतीच्या प्रवासाचा खर्च स्पष्ट लिहिला आहे काय, हे तीन प्रश्न आधीं विचारावे. त्यांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर मुलामुलींना निश्चिंत मनानें निरोप द्यावा. पुढची चढण त्यांची त्यांनीं चढावयाची आहे. तिची पहिली पायरी म्हणजे रस्सा थंड होतांना नोंदवहींत लिहिलेला खरा आंकडा.