पडद्यावरचे डाव (लेखांक ५) : पंचावन्न जणांची पलटण

गेल्या आठवड्यात आपण ‘ब्रेकआउट’मधली विटांची भिंत फोडली. तिकडे जपानमध्ये ताइतो कंपनीतले अभियंते तोमोहिरो निशिकादो यांनाही त्या भिंतीने वेड लावलं होतं. एकेक वीट टिपत पडदा साफ करण्यातली मजा त्यांनी नेमकी हेरली. त्याच विटा चालू लागल्या आणि उलट मारा करू लागल्या, की झाला १९७८चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’!

माणसांवर गोळ्या झाडणं बरं दिसत नव्हतं. मग एच. जी. वेल्सच्या कादंबरीतले मंगळवासी मदतीला आले आणि आठपाय, खेकडा, माकूळ यांच्या आकाराचे शत्रू तयार झाले. (मासळी बाजारच म्हणा ना!) हाताशी असलेली यंत्रं या खेळाला पुरेनात, तेव्हा निशिकादोंनी इंटेल ८०८० प्रोसेसरभोवती नवं यंत्रही स्वतःच जुळवलं.

डाव सोपा. तळाशी आपली तोफ, ती फक्त डावीउजवीकडे सरकते. वर अकरा-अकराच्या पाच रांगा. पलटण कडेला टेकली की एक पायरी खाली उतरते आणि उलटी फिरते. आडोशाला चार बुरूज आहेत, पण ते शत्रूच्याच काय, आपल्याही गोळ्यांनी झिजतात. आपली एक गोळी हवेत असेपर्यंत दुसरी सुटत नाही, त्यामुळे नेम चुकला की नुसतं बघत बसायचं. पलटण जमिनीला टेकली, की शिल्लक तोफाही कामाच्या नाहीत. आणि पंचावन्नही मारले तर? नवे पंचावन्न हजर.

खरी गंमत वेगाची. पडदा सेकंदाला साठ वेळा रंगतो आणि दर वेळी एकच शत्रू पुढे सरकवला जातो. म्हणजे सगळे जिवंत असताना पलटणीचं एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागतो. शत्रू घटले की पाळी लवकर येते, आणि उरलेला शेवटचा तर पिसाळल्यासारखा धावतो. ही यंत्राची मर्यादा होती. निशिकादोंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ते मुद्दाम तसंच ठेवलं. सोबत चार खर्जातल्या सुरांची धडधड. शत्रू कमी होतात तशी तीही वाढते, आणि खेळणाऱ्याच्या छातीतलीही.

जपानभर कॉफीच्या टेबलांतच हे पडदे बसले. शंभर येनचं नाणं टाकायचं आणि मान खाली घालून खेळायचं. तिथल्या पट्टीच्या खेळाडूंनी आणखी एक फट शोधली. शत्रूची गोळी त्याच्या अंगाच्या थोडी खाली उमटते, त्यामुळे तो अगदी शेवटच्या पायरीवर आला की गोळी तोफेच्याही खाली पडते, आपल्याला लागतच नाही. मग पलटण थेट अंगावर येऊ द्यायची, श्वास रोखून थांबायचं आणि तिथून एकेकाला आरामात टिपायचं. या डावपेचाला नाव पडलं ‘नागोया-उची’, म्हणजे नागोयाचा नेम. एक पायरी मोजायला चुकलात, तर मात्र पुढचं नाणं तयार ठेवा.